सरांची पावडर

दादा गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी लोणंदच्या घरी भाकऱ्या थापत होते. सकाळी फिरायला निघायचं म्हणून तो पायरीवर बसून बूट घालत होता, एक बूट घातला आणि तसाच भिंतीला टेकला... इतकंच. वहिनींचा आवाज अगदी कोरडा होता. "शालन, दाजींना जपून सांगा," एवढं म्हणाल्या आणि फोन ठेवला. सांगलीला निघायची आवराआवर होईपर्यंत माझ्या मोबाइलवर भावपूर्ण श्रद्धांजलीचे संदेश यायला लागले. प्रत्येक संदेशावर दादाचा एकच फोटो होता. राखाडी स्वेटर, चष्मा, मान किंचित तिरकी आणि समोरच्याला धीर देणारं हसू. त्याच्या विद्यार्थ्यांना, जुन्या सहकाऱ्यांना त्याचा तेवढाच चांगला फोटो सापडला होता, आणि तो त्या पावडरीच्या पाकिटावरचा होता. पाठवणाऱ्यांच्या ते लक्षातही आलं नसेल. आमच्या घरातल्या माणसांची मात्र तो फोटो पाहिला की आजही मान खाली जाते.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. या पुरवणीसाठी भावाबद्दल लिहाल का, असं विचारलं गेलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. चांगलं तेवढं लिहायचं तर दादा अर्धाच उरतो, आणि बाकीचं लिहायचं तर माझ्या माहेरची न् सासरची, दोन्हीकडची लाज चव्हाट्यावर येते. शेवटी यजमानच म्हणाले, "लिव्ह. पर लिवायचं तर सगळं लिव्ह."

दादा म्हणजे दिनकर. सांगलीला विश्रामबागेतल्या एका कॉलेजात त्यानं आयुष्यभर मार्केटिंग शिकवलं. आम्ही मूळचे म्हसवडचे. वडील फौजेत, त्यामुळं घरात शिस्त होती आणि बोलणं कमी होतं. दादा मात्र बोलका, आणि माणसं बघायची त्याला भारी हौस. तो कॉलेजात शिकत असतानाची गोष्ट. सिद्धनाथाच्या यात्रेत एका घोंगडी विकणाऱ्यासमोर तो सबंध दुपार उभा राहिला. आई चिडली होती. घरी आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "शालू, त्यो भाव सांगतच न्हाई बघ आधी. पहिलं घोंगडं गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टाकतो. मग म्हणतो, वजन बघा, ऊब बघा. एकदा खांद्यावर आलं की माणसाला ते आपलंच वाटाय लागतं. काढून द्यायचं जिवावर येतं." हे सांगताना त्याचे डोळे असे चमकत होते, जणू त्याला कुणी गुपित सांगितलं होतं. पुढं तो जे शिकला आणि शिकवत राहिला, ते मला वाटतं त्या दुपारीच त्याच्या डोक्यात शिरलं.

त्याचा वर्ग बघायला मी एकदा मुद्दाम गेले होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, तेव्हा कॉलेजातलं शिकवणं कसं असतं याचं मला कुतूहल होतं. दादानं त्या दिवशी उसाचा रस आणला होता. एकाच कळशीतला रस अर्धा स्टीलच्या पेल्यांत ओतला, अर्धा उंच काचेच्या ग्लासांत, आणि ग्लासांवर लिंबाची चकती खोचली. मग पोरांना विचारलं, जास्त गोड कुठला? बहुतेक सगळ्यांनी ग्लासाकडे बोट दाखवलं. दादानं कळशी पुढं केली तेव्हा वर्गात हसण्याचा गदारोळ झाला. तो म्हणाला, "तहान लागली ही गरज. ती काचेच्या ग्लासातल्या रसानंच भागावी ही इच्छा. आणि त्या ग्लासासाठी खिशात हात घालायची तुमची तयारी झाली की ती मागणी. तहान देवानं दिली आहे. ग्लास आपण देतो." मला त्याचा फार अभिमान वाटला. आज ते आठवलं की वाटतं, त्या हसणाऱ्या वर्गात आपणही हसत होतो...

निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना त्याचा एक जुना विद्यार्थी त्याच्याकडे आला. सांगलीजवळ त्यानं एक छोटा कारखाना टाकला होता. कारल्याची, जांभळाच्या बियांची आणि आणखी कसली कसली पूड एकत्र करून शुगरवाल्यांसाठी एक चूर्ण तयार केलं होतं, पण ते खपत नव्हतं. "सर, तुम्ही एकदा हात लावा," म्हणाला. दादानं हात लावला. का लावला, याचा मी पुष्कळ विचार केलाय. पैशाचा मोह त्याला कधीच नव्हता. त्याला फक्त बघायचं होतं, की जे आपण जन्मभर फळ्यावर लिहिलं ते बाहेर खरंच चालतं का. तो स्वतःच मला म्हणाला होता, "पोरं पास होऊन जातात शालू, विकतात-बिकतात. मी आजवर साधी काडेपेटी विकलेली नाही." अशा गोष्टीची माणसाला इतकी भूक असते हे मला माहीत नव्हतं.

त्यासाठी तो आमच्याकडे लोणंदला राहायला आला. सकाळी स्वयंपाकघरात पाट टाकून बसायचा आणि मला प्रश्न विचारायचा. घरात नवीन वस्तू कुणाच्या सांगण्यावरून आणतेस? मेडिकलच्या दुकानात बायका किती वेळा जातात, किराण्याच्या किती वेळा? औषध म्हटलं की यजमान काय म्हणतात? मी सांगत गेले. औषध म्हटलं की पुरुषमाणसं तोंड वाकडं करतात, पण चहातून, आमटीतून काही दिलं तर मुकाट घेतात. गावात कुणाला काही विचारायचं झालं तर निवृत्त गुरुजींना विचारतात, नाहीतर सुभेदाराला. तो ऐकत होता, मध्येच "वा!" म्हणत होता. यजमान, म्हणजे शंकरराव, रेल्वेतून निवृत्त झालेले, बाहेरच्या खोलीतून गमतीनं ओरडायचे, "मेव्हणं, आमच्या बायकूची परीक्षा घेताय व्हय?" सगळं घर खुशीत होतं.

मग पावडर नव्यानं बाजारात आली. पाकीट हळदीच्या पाकिटासारखं पिवळं. त्यावर औषध हा शब्द कुठंच नाही, 'घरची काळजी' असं काहीतरी. ती मेडिकलमध्ये मिळत नव्हती, किराणा दुकानात चहापत्तीच्या शेजारी असायची. प्रत्येक गावात आधी एका गुरुजीला आणि एका फौजीला लहान पुड्या फुकट गेल्या. आणि पाकिटावर दादाचा तो फोटो, खाली वाक्य: 'मी रोज घेतो.' ते वाक्य खोटं नव्हतं. तो खरंच रोज घ्यायचा. फक्त त्याला शुगरच नव्हती.

म्हसवड, दहिवडी, फलटण, लोणंद, जिकडे जावं तिकडे ते पिवळं पाकीट दिसू लागलं. लोक त्याला नावानं ओळखतच नव्हते. दुकानात जाऊन म्हणायचे, "सरांची पावडर द्या." बाजारात बायका मला थांबवून विचारायच्या, "तुमच्या भावाचीच न्हवं ती?" मी मान ताठ करून हो म्हणायचे.

आमच्या यजमानांना शुगर होती. साताऱ्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू होत्या. पावडर आली तसे ते ती चहातून घेऊ लागले, अगदी अभिमानानं. पाहुण्यांपुढं पाकीट ठेवायचे. गोळ्या त्यांनी कधी बंद केल्या ते मला कळलंच नाही. जाहिरातीत गोळ्या बंद करा असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. चालू ठेवा असंही नव्हतं. पुढं दादा म्हणाला होता, "जिथं जागा मोकळी सोडावी तिथं गिऱ्हाईक आपल्या मनातलं लिहितं. मी ती जागा मुद्दाम मोकळी सोडली होती शालू. त्यांच्या मनात काय आहे हे मला माहीत होतं."

चप्पल चावल्याची साधी जखम होती. ती बरी होईना. ते कुणाला दाखवत नव्हते, मोजा घालून हिंडत होते. मला वास आला तेव्हा उशीर झाला होता. साताऱ्याच्या दवाखान्यात नेलं, आणि डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या घेत होता ना?" यजमान छताकडे बघत राहिले. त्यांचा उजवा पाय घोट्याच्या वरून काढावा लागला.

दादा सांगलीहून धावत दवाखान्यात आला. त्याला वहिनींनी वाटेतच सगळं सांगितलं होतं. खाटेशी येऊन तो नुसता उभा राहिला. यजमानच त्याला म्हणाले, "बसा मेव्हणं. पावडरीचा काय दोष न्हाई. पथ्य माझंच चुकलं. आंबं लय खाल्लं या साली." आंबे त्यांनी तोंडातही घातले नव्हते. दादा माझ्याकडे बघत होता आणि मी जमिनीकडे. सासूबाई त्या वेळी होत्या, कोपऱ्यात बसून माळ ओढत होत्या. त्यांनी दादाला चहा विचारला नाही. आमच्याकडे पाव्हण्याला चहा विचारला नाही असं त्याआधी कधी घडलं नव्हतं. मला त्या खोलीत माहेरचं नाव नकोसं झालं.

तिथून दादा सरळ त्या विद्यार्थ्याकडे गेला. पावडर बंद कर म्हणाला. तो विद्यार्थी फार आदरानं बोलला म्हणे. 'सर, माझ्याकडे रोज बरं वाटल्याचे फोन येतात. एकाचं पथ्य चुकलं म्हणून इतकी माणसं घरी बसवू का?' शेवटी, पुढच्या छपाईत तुमचा फोटो काढून टाकतो, एवढंच त्यानं कबूल केलं. छापलेली पाकिटं मात्र दुकानांत होतीच. दादानं तक्रार केली, दोन-तीन कचेऱ्यांत खेटे घातले. खाण्याचा पदार्थ म्हणून परवाना आहे, औषध म्हणून विकलं असतं तर गोष्ट वेगळी, असं उत्तर मिळालं. औषध हा शब्द पाकिटावरून दादानंच काढून टाकला होता.

मग तो बाजारात जाऊन उभा राहायला लागला. आमच्याच म्हसवडच्या आठवडी बाजारात. इस्माईलभाई म्हणून त्याचे बालमित्र, त्यांचं तिथं किराण्याचं दुकान. त्यांनी पावडर फळीवरून उतरवली आणि दुकानासमोरची जागा दादाला दिली. दादाच्या हातात आपलं पिवळं पाकीट. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचा, "ही घेऊ नका, हिच्यानं शुगर जात नाही, डॉक्टरच्या गोळ्या सोडू नका." मला वाटलं होतं, लोक ऐकतील. ज्याच्या सांगण्यावरून घेतली तोच सांगतोय म्हटल्यावर ऐकायला काय हरकत? पण लोक चिडायचे. एका बाईनं त्याला माझ्यासमोर सुनावलं, "आवं सर, आमच्या सासूबाईस्नी लय फरक हाय. तुमचं कंपनीबरोबर वाजलं आसंल, तर त्याचा राग पावडरीवर कशापाई काढताय?" दुसरा एक म्हातारा तर पाकीट छातीशी धरून निघून गेला, जणू दादा ते हिसकावून घेणार होता.

त्या दिवशी माझ्याबरोबर आमच्या शाळेतल्या एक बाई होत्या. गर्दीत उभ्या असलेल्या, घाम पुसत ओरडणाऱ्या माणसाकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "ते तुमचे बंधू ना?" मी हो म्हणाले. माझे कान तापले होते. निवृत्तीला आलेला प्राध्यापक, इस्त्रीचा शर्ट घामानं भिजलेला, आणि लोक त्याला चुकवून पलीकडच्या कडेनं चाललेले. कुणीतरी त्याचं चित्रण करून फोनवर फिरवलं. दादाच्या मुलानं पुण्याहून फोन करून वहिनींना सांगितलं, "बाबांना घरी बसवा. मला ऑफिसात तोंड दाखवायला जागा राहिली नाही." वहिनींनी तो निरोप दादाला दिला. दादा म्हणाला, "त्याचं बरोबर आहे." आणि पुढच्या बाजाराला परत गेला.

लोक का ऐकत नाहीत हे त्याला आमच्या घरी कळलं. यजमानांना बघायला कुणी पाव्हणे आले होते आणि दादा आत स्वयंपाकघरात माझ्याजवळ बसला होता. बाहेर यजमान सांगत होते, "पावडर एक नंबर हाय. माझंच पथ्य चुकलं." मी चिडून उठले, म्हटलं आता बाहेर जाऊन सांगतेच. दादानं माझा हात धरला. "बस," म्हणाला. "मी हे वर्गात शिकवायचो, शालू. माणूस वस्तू घेतो आणि मग मनात खुट्ट होतं, की चुकलं तर नाही ना? ती टोचणी सहन होत नाही, म्हणून तो वस्तूचीच बाजू घ्यायला लागतो. जितकं मोठं नुकसान, तितकी घट्ट बाजू. मी फळ्यावर आकृती काढायचो याची." बाहेर यजमान कुबडी शोधत होते, त्याचा आवाज येत होता. दादा म्हणाला, "दाजींनी पाय दिलाय. ते कसं म्हणतील फसलो म्हणून? मी बाजारात उभा राहून लोकांना सांगतोय, तुम्ही फसलात. भरबाजारात माणसाला मूर्ख म्हणतोय मी. कोण थांबेल?"

त्यानंतर त्याचं बोलणं बदललं. इस्माईलभाईंनी मला ते सांगितलं, मग मी जाऊन ऐकलं. तो ओरडत नव्हता. पाकीट उंच धरायचा, फोटोवर बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "हा मी. मी शिकलेला माणूस हाय. मी तुमाला फसवलं. तुमची अक्कल कमी पडली न्हाई. माणसाची अक्कल कुठं कमी पडती ह्येच मी आयुष्यभर शिकलो, आन् तिथंच येऊन उभा राहिलो. मला शुगर न्हाई. कधीच न्हवती." एवढं बोलून गप्प उभा राहायचा. लोक थांबायला लागले. मग बायका इस्माईलभाईंच्या दुकानात साखर, शेंगदाणे घ्यायच्या निमित्तानं येऊन हळू आवाजात विचारायच्या, "सर, गोळ्या परत चालू केल्या तर चालतंय न्हवं?" तो म्हणायचा, "आजच जावा डॉक्टरकडं. आजच." मी हे लिहिते आहे तेव्हा मला तो सुधारला, मोठा झाला असं काही दाखवायचं नाही. तो रस्त्यावर उभा राहून स्वतःला नागडं करत होता आणि मी त्याची बहीण तिथं उभी होते. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं.

एकदा एक तरुण शेतकरी गर्दीतून पुढं आला. त्यानं विचारलं, "पाकिटावरचं तुमीच का?" दादा हो म्हणाला. त्यानं फाडकन मुस्काटात मारली. चष्मा उडून पडला. इस्माईलभाई दुकानातून धावले, माणसं त्या पोराला धरायला लागली. दादा म्हणाला, "सोडा त्याला." "माझ्या आईचं डोळं गेलं," तो पोरगा म्हणाला आणि रडायलाच लागला. दादानं चष्मा उचलला, एक काच तडकली होती, तसाच डोळ्यांवर चढवला. म्हणाला, "मला तिच्याकडं घिऊन चल."

तो खरंच गेला. वस्तीवर, त्या पोराच्या मोटारसायकलवर मागं बसून. तिथं काय झालं ते त्यानं वहिनींनाही सांगितलं नव्हतं, मला सांगितलं ते फार पुढं. म्हातारी बाजेवर बसली होती. दादानं आपलं नाव सांगितलं. तिला आधी कळेना, मग कळलं. ती रागावली नाही. म्हणाली, "सर व्हय? रोज सकाळी तुमच्या फोटूकडं बघून घ्यायची म्या पावडर. देवागत. आता फोटूबी दिसत न्हाई." आणि सुनेला म्हणाली, सरांना चहा टाक. दादा म्हणायचा, त्या मारापेक्षा तो चहा घशाखाली उतरवणं अवघड गेलं.

पावडरीचं म्हणाल तर ती बंद झाली नाही. म्हसवड-दहिवडीकडे खप बसला, कंपनीनं तिचं नाव बदललं, पाकिटाचा रंग बदलला. मध्यंतरी मी ती हिरव्या पाकिटात बघितली. आता तिच्यावर डॉक्टरच्या पांढऱ्या कोटातला कुणीतरी हसरा माणूस आहे. विद्यार्थ्याचा कारखाना वाढलाय. तो दादाच्या अंत्ययात्रेलाही आला होता, सगळ्यांत मोठा हार घेऊन. वहिनींनी तो हार घेतला नाही. "ठेवा तिकडं," म्हणाल्या.

दादा आणि आमचे यजमान यांच्यातली गाठ मात्र कधी सुटली नाही. भाऊबीजेला दादा यायचा. ओवाळून झालं की बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा, घरात बसायचा नाही. यजमान आपला लाकडी पाय लावून शेजारी येऊन बसायचे. दोघे पाऊसपाण्याचं, रेल्वेचं बोलायचे. एका वर्षी दादा अचानक म्हणाला, "दाजी, एकदा तरी शिव्या घाला मला." यजमान म्हणाले, "पाव्हण्याला कोन शिव्या घालतं व्हय? आन् तुमचा काय दोष? पथ्य..." पुढचं वाक्य दादानं ऐकलं नाही. उठून, चपला घालून, तो स्टँडकडे चालू लागला. फराळ तसाच राहिला. मी यजमानांवर ओरडले, तर ते म्हणाले, "मग काय म्हनू? म्हनू का तुज्या भावानं पाय खाल्ला माझा?" आमच्यात एवढंच बोलणं झालं त्या विषयावर, तेवढ्या सगळ्या वर्षांत.

कॉलेजनं शोकसभा ठेवली होती. विश्रामबागेतल्या त्याच इमारतीत, वरच्या सभागृहात. आम्ही दोघं लोणंदहून गेलो. जिना चढायला यजमानांना फार त्रास झाला, पण ते कुणाचा हात घेईनात. पुढं टेबलावर फोटो होता, तोच, स्वेटरमधला. हार घातलेला. माणसं चांगलं बोलली. सरांचा उसाचा रस, सरांच्या कोपरखळ्या, सरांनी कुणाची फी भरली, सरांनी कुणाला नोकरी लावली. खरंच होतं सगळं. पावडरीचं नाव कुणी काढलं नाही. सभ्य माणसं शोकसभेत असं काही बोलत नाहीत, आणि ती बोलत नाहीत म्हणून मला हायसं वाटत होतं. वहिनी पहिल्या रांगेत होत्या, त्यांचा मुलगा शेजारी. मी देवाला म्हणत होते, आता हे असंच संपू दे.

सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी दोन मिनिटं शांतता पाळू या असं म्हटलं. सगळे उठले. यजमानही उठले, पण ते तसेच चालायला लागले. काठीचा आवाज सबंध सभागृहात ऐकू येत होता. मी मागून सदरा ओढला, तो त्यांनी सोडवून घेतला. माईकपाशी गेले नाहीत, फोटोपाशी गेले आणि लोकांकडे वळले.

"माझं नाव शंकर," ते म्हणाले. "मी ह्यांचा दाजी. ह्यांच्या पावडरीनं माझा पाय गेला." त्यांनी धोतर वर करून पाय दाखवला. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी तोंड फिरवलं. "मी सगळ्यास्नी सांगत आलो, पथ्य चुकलं. पथ्य चुकलं न्हवतं. मी फसलो. शिकलेला मेव्हणा हाय, खोटं कशाला लिवंल, म्हनून गोळ्या टाकून दिल्या. दिनकररावांनी मला फसवलं. ह्ये त्यांनी सोता भरबाजारात सांगितलं, मार खाल्ला. मला त्यांच्या तोंडावर येकदा बोलता आलं न्हाई, की व्हय, फसवलंस तू मला. मी बोललो असतो तर त्येंचं काळीज हलकं झालं असतं. माझी लाज मोठी झाली... आज बोलतोय, तर ऐकायला ते न्हाईत." मग फोटोकडे वळून जरा मोठ्यांदा म्हणाले, "फसवलंस रं मला, दिनकरा." पहिल्यांदाच त्यांनी दादाला एकेरीत हाक मारली.

शांतता पाळायची होतीच, ती पाळली गेली. वहिनींच्या मुलानं डोळ्यांवर हात ठेवला होता. माझ्या मनात, खरं सांगते, पहिला विचार आला तो हाच, की आता सगळ्या सांगलीत बोभाटा होणार. वहिनी उठल्या, यजमानांना आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. बाहेर पडताना पाण्याच्या माठापाशी एक अनोळखी बाई मला गाठून म्हणाल्या, "आमच्याकडंपण होती हो ती. आमचे हे गेले. आम्ही हार्ट अटॅक म्हणून सांगतो सगळ्यांना." त्यांनी नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ग्लास विसळून जागेवर ठेवला आणि गेल्या.

दादाची एक सवय लिहायची राहिली. शेवटची काही वर्षं तो कुठलंही पाकीट, मग ते बिस्किटांचं असो की चहाचं, फोडण्याआधी उलटं करायचा. चष्मा कपाळावर चढवायचा, पाकीट नाकाशी न्यायचा आणि मागची मुंगीएवढी अक्षरं मोठ्यांदा वाचायचा. काय काय घातलंय, किती घातलंय, कुणी घेऊ नये. दुकानात मागं रांग लागलेली असली तरी. वहिनी दूर जाऊन उभ्या राहायच्या.

शोकसभेहून परतताना आम्ही वाटेत चहाला थांबलो. यजमानांनी बिनसाखरेच्या बिस्किटांचा पुडा मागवला. पुडा आला तो त्यांनी फोडला नाही. उलटा केला, डोळ्यांशी नेला, पुन्हा लांब धरला. मग माझ्यापुढं सरकवून म्हणाले, "वाच गं. मला दिसंना. मोठ्यानं वाच." शेजारच्या टेबलावर एक कुटुंब बसलं होतं, ते आमच्याकडे बघायला लागलं. मला लाज वाटली. चहा निवत होता. मी पुडा उजेडात धरला आणि शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून काढला.